फ्रेडरिक लँचेस्टर

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (२३ ऑक्टोबर, १८६८, लुइशॅम, लंडन – ८ मार्च, १९४६, बर्मिंगहॅम) हे इंग्लिश अभियंते, संशोधक आणि मोटार-निर्माते होते. मोटारीच्या चाकाला थांबवण्यासाठी फिरती चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा अशी रचना असलेल्या डिस्क ब्रेकचे पेटंट त्यांनी १९०२ मध्ये घेतले. विमानाच्या पंखाला मिळणाऱ्या उत्थापन बलाचा सिद्धान्त, इंजिनातील कंपने शमवणारी साधने आणि युद्धातील सैन्यबळाचे गणित या क्षेत्रांतही त्यांनी मूलभूत काम केले. त्यांच्या नावावर चारशेहून अधिक पेटंटे होती.

लँचेस्टर यांच्या अनेक कल्पना त्यांच्या काळातील साहित्याच्या आणि यंत्रसामग्रीच्या पुढे होत्या. डिस्क ब्रेक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याची रचना १९०२ मध्ये तयार होती. मात्र तिला साजेसा घर्षण-पदार्थ, पुरेसा दाब देणारी द्रवचालित यंत्रणा आणि तिची गरज भासावी इतका वेग या तिन्ही गोष्टी नंतरच्या काळात आल्या. मोटार शर्यतीत या ब्रेकचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले तेव्हा लँचेस्टर यांच्या निधनाला काही वर्षे उलटली होती. शर्यतीच्या मोटारीसाठी कोणत्या धातूची, किती वजनाची आणि कोणत्या घडणीची चकती निवडावी हा आजचा प्रश्न त्यांच्यासमोरच्या प्रश्नाचाच पुढचा भाग आहे.

बालपण आणि शिक्षण

लँचेस्टर यांचे वडील हेन्री जोन्स लँचेस्टर हे वास्तुविशारद होते. आई ऑक्टेव्हिया या लॅटिन आणि गणिताच्या शिकवण्या घेत. आठ भावंडांमध्ये फ्रेडरिक चौथे होते. ते लहान असतानाच कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह या गावी राहायला गेले. थोरले बंधू हेन्री व्हॉन लँचेस्टर पुढे नामांकित वास्तुविशारद झाले. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा ही त्यांची भारतातील प्रसिद्ध वास्तू होय. फ्रँक आणि जॉर्ज हे धाकटे बंधू फ्रेडरिक यांच्या मोटार-व्यवसायात सहभागी झाले. बहीण एडिथ समाजवादी कार्यकर्त्या होत्या आणि एडिथ यांची कन्या एल्सा लँचेस्टर चित्रपट-अभिनेत्री म्हणून गाजली.

फ्रेडरिक यांचे उच्च शिक्षण साउथॅम्प्टन येथील हार्टली संस्थेत आणि त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान विद्यालयात झाले. कारखान्यातील प्रत्यक्ष कामाचे ज्ञान अपुरे वाटल्याने त्यांनी फिन्सबरी तांत्रिक महाविद्यालयातील सायंकालीन वर्गांनाही हजेरी लावली. औपचारिक पदवी न घेताच त्यांनी शिक्षण थांबवले. १८८८ मध्ये त्यांना एका पेटंट कार्यालयात आरेखकाची नोकरी मिळाली. याच सुमारास त्यांनी आरेखनातील छायारेषा समान अंतरावर काढण्याचे एक साधन तयार करून त्याचे पेटंट घेतले.

वायुइंजिनांचा कारखाना

१८८९ च्या सुरुवातीस लँचेस्टर बर्मिंगहॅमजवळील सॉल्टली येथील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत साहाय्यक व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. कर्मचाऱ्याने केलेल्या कोणत्याही तांत्रिक सुधारणेवर कंपनीचा हक्क राहील, असे कलम नोकरीच्या करारात होते. लँचेस्टर यांनी सही करण्यापूर्वी ते कलम खोडून टाकले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम २० वर्षांचे होते. या दक्षतेचा त्यांना लवकरच लाभ झाला. इंजिनाची गती स्थिर राखणारा लंबकयुक्त नियंत्रक आणि वायुइंजिन सुरू करण्याचे साधन यांची पेटंटे त्यांच्या स्वतःच्या नावावर झाली आणि त्यांपासून मिळालेल्या पैशांतून पुढील प्रयोगांची सोय झाली. व्यवस्थापकाच्या निधनानंतर कारखान्याची सूत्रे त्यांच्याकडे आली.

१८९३ मध्ये त्यांनी ही जबाबदारी धाकटे बंधू जॉर्ज यांच्याकडे सोपवली आणि स्वतः पेट्रोलवर चालणाऱ्या जलद गतीच्या इंजिनांच्या प्रयोगांना वाहून घेतले. यांपैकी एक इंजिन त्यांनी नावेवर बसवले. ती नाव १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे पाण्यात उतरवण्यात आली.

पहिली मोटार

लँचेस्टर यांची पहिली मोटार १८९६ च्या प्रारंभी बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर धावली. सर्वस्वी ब्रिटिश बनावटीच्या पहिल्या चारचाकी पेट्रोल मोटारींमध्ये तिची गणना होते. त्या वेळी यांत्रिक वाहनांना मोकळ्या रस्त्यावर ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किमीपेक्षा अधिक वेगाने जाण्यास कायद्याने मनाई होती. ही मर्यादा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताशी १४ मैलांपर्यंत वाढवण्यात आली.

बहुतेक समकालीन निर्माते घोडागाडीच्या सांगाड्यात इंजिन बसवत असताना लँचेस्टर यांनी मोटारीचा विचार आरंभापासून स्वतंत्र यंत्र म्हणून केला. पहिल्या इंजिनात एकच सिलिंडर होता. तथापि त्याला परस्परविरुद्ध दिशेने फिरणारे दोन क्रँकशाफ्ट जोडल्यामुळे त्यांचे हादरे एकमेकांना छेद देत. पुढे याच तत्त्वावर त्यांनी दोन सिलिंडरांचे इंजिन केले. त्यांच्या दुसऱ्या मोटारीला १८९९ च्या रिचमंड येथील प्रदर्शनात रचना व कामगिरी यांसाठी विशेष सुवर्णपदक मिळाले.

लँचेस्टर इंजिन कंपनी

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना बर्मिंगहॅममधील स्पार्कब्रुक भागात होता. लँचेस्टर यांनी मोटारीचे भाग परस्पर बदलता आले पाहिजेत, असा आग्रह धरला. एका मोटारीचा भाग दुसऱ्या मोटारीत कानस न लावता बसावा, यासाठी त्यांनी मापकांची आणि स्क्रूच्या आट्यांची स्वतःची मानके ठरवली. त्या काळी युरोपातील बहुतेक कारखान्यांत प्रत्येक भाग कारागीर हाताने जुळवून बसवत असत. मोटारीतील ग्रहचक्री गिअरपेटी, मऊ स्प्रिंगा आणि हादरेरहित इंजिन यांमुळे लँचेस्टर मोटारीतील प्रवास सुखद असे. सुकाणूसाठी चक्राऐवजी दांडा वापरण्याची त्यांची पद्धत मात्र अनेक वर्षे टिकून राहिली आणि ग्राहकांना ती हळूहळू जुनाट वाटू लागली.

मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किप्लिंग हे या मोटारीच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक होते. पुढील काळात भारतातील काही संस्थानिकांनीही लँचेस्टर मोटारी घेतल्या. क्रिकेटपटू म्हणून प्रसिद्ध असलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी हे त्यांपैकी होत.

मागणी चांगली असूनही कंपनीचे भांडवल प्रारंभापासून अपुरे होते. १९०४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी लँचेस्टर मोटर कंपनी या नावाने तिची पुनर्रचना झाली. फ्रेडरिक यांचे अधिकार कमी झाले आणि आरेखनाची जबाबदारी कालांतराने जॉर्ज यांच्याकडे गेली. डिस्क ब्रेकचे पेटंट याच अडचणींच्या वर्षांतले आहे.

डिस्क ब्रेकचे पेटंट

रचना

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार थांबवण्याच्या पद्धती घोडागाडीकडून आलेल्या होत्या. टायरवर ठोकळा दाबणे किंवा चाकाच्या आसाजवळील गोलाकार भागावर पट्टा आवळणे या त्यांतील रूढ पद्धती होत. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेकला आधुनिक रूप दिले. या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ पिंपाला आतून दोन अर्धगोल पट्ट्या दाबल्या जातात. त्याच वर्षी लँचेस्टर यांनी वेगळा मार्ग घेतला. चाकाला एक पातळ धातूची चकती पक्की जोडायची आणि तिच्या कडेजवळील भाग दोन जबड्यांमध्ये दोन्ही बाजूंनी दाबायचा, अशी त्यांची योजना होती. लँचेस्टर मोटारींवर तिचा वापरही झाला.

या दोन रचनांमधील फरक उष्णतेच्या बाबतीत स्पष्ट होतो. ब्रेक हे मुळात गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. ड्रममध्ये ही उष्णता पिंपाच्या आत कोंडते. तापलेले पिंप प्रसरण पावते आणि आतील पट्ट्यांपासून दूर जाते. त्यामुळे ब्रेकची पकड नेमकी गरजेच्या वेळी सैल होते. चकतीचे दोन्ही पृष्ठभाग हवेत उघडे असल्यामुळे ती लवकर निवते. शिवाय तापल्यावर तिची जाडी वाढते, म्हणजे ती जबड्यांच्या दिशेनेच प्रसरण पावते.

अडचणी

लँचेस्टर यांच्यासमोरील पहिली अडचण घर्षण-पदार्थाची होती. चकतीवर घासणारा भाग म्हणून त्यांना तांब्याचा वापर करावा लागला. तांबे उष्णता उत्तम वाहून नेते, परंतु ते मऊ असते. त्या काळातील रस्ते कच्चे आणि धुळीचे होते. उघड्या चकतीवर बसणारी धूळ तांब्यात रुतून ते वेगाने झिजवी. धातूवर धातू घासल्याने कर्कश आवाजही होई. ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तरे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी नंतर प्रचारात आणली. त्यांचा लाभ प्रामुख्याने ड्रम ब्रेकला झाला.

दुसरी अडचण दाबाची होती. ड्रम ब्रेकमधील पट्टी फिरत्या पिंपाबरोबर थोडी ओढली जाते आणि त्यामुळे आपोआप अधिक घट्ट बसते. चकतीच्या ब्रेकला अशी मदत मिळत नाही. सगळा दाब बाहेरून द्यावा लागतो. दांडे आणि तारा यांच्या यांत्रिक जोडणीतून चालकाच्या पायाचे बळ तेवढे वाढवणे कठीण होते. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक मोटारींमध्ये १९२० च्या दशकात आले.

तिसरी गोष्ट गरजेची. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमधील वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किमी ठरवली. इतक्या वेगात ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता फारशी नसते. साधा, स्वस्त आणि धुळीपासून झाकलेला ड्रम ब्रेक त्यासाठी पुरेसा होता. त्या काळी ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षांची असे. डिस्क ब्रेकची खरी गरज निर्माण होण्याच्या कितीतरी आधी लँचेस्टर यांच्या पेटंटची मुदत संपली आणि पुढील काळातील त्याच्या प्रचंड प्रसारातून त्यांना काहीही मिळाले नाही.

उड्डाणशास्त्र

लँचेस्टर यांचा मोटारीइतकाच जुना ध्यास उड्डाणाचा होता. पंख न हलवता घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांचे निरीक्षण आणि स्वतः तयार केलेल्या छोट्या ग्लायडरांचे प्रयोग यांवरून त्यांनी १८९४ मध्ये बर्मिंगहॅममधील एका विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला. पंखाभोवती हवेचे अभिसरण होते, त्यातून उत्थापन बल मिळते आणि पंखाच्या टोकांपाशी भोवरे तयार होऊन मागे वाहत जातात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १८९७ मध्ये हा विषय विस्ताराने मांडणारा त्यांचा निबंध रॉयल सोसायटी आणि फिजिकल सोसायटी या दोन्ही संस्थांनी नाकारला.

त्यानंतर त्यांनी आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. ‘एअरोडायनॅमिक्स’ १९०७ मध्ये आणि ‘एअरोडोनेटिक्स’ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी विमानाच्या संथ चढउताराच्या हेलकाव्याला ‘फ्युगॉइड’ असे नाव दिले. हे नाव त्यांनी एका ग्रीक शब्दावरून घडवले. तथापि त्या शब्दाचा अर्थ उडणे असा नसून पळून जाणे असा आहे. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे हा घोटाळा झाला. नाव मात्र रूढ झाले आणि विमानविद्येत आजही वापरात आहे.

१९०८ मध्ये लँचेस्टर यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांची भेट घेतली. पंखाचा गणिती सिद्धान्त पूर्णत्वास नेण्याचे श्रेय प्रांटल यांचे आहे. लँचेस्टर यांनी त्याच कल्पना स्वतंत्रपणे आणि आधी मांडल्या होत्या, हे प्रांटल यांनी १९२७ मधील लंडनच्या व्याख्यानात मान्य केले. हा सिद्धान्त लँचेस्टर-प्रांटल सिद्धान्त म्हणूनही ओळखला जातो. १९०९ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या वैमानिकी सल्लागार समितीत लँचेस्टर यांचा समावेश होता.

युद्धाचे गणित

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी लँचेस्टर यांनी ‘इंजिनिअरिंग’ या साप्ताहिकात विमानांच्या युद्धातील उपयोगावर लेखमाला लिहिली. ती १९१६ मध्ये ‘एअरक्राफ्ट इन वॉरफेअर’ या नावाने ग्रंथरूपात आली. दूरवर मारा करणारी शस्त्रे वापरणाऱ्या सैन्याचे सामर्थ्य सैनिकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांनी त्यात दाखवले. उदाहरणार्थ, समान कौशल्याच्या १,००० सैनिकांसमोर शत्रूचे १,००० सैनिक ५०० च्या दोन तुकड्यांत एकामागून एक आले, तर या सूत्रानुसार पहिल्या तुकडीच्या पाडावानंतर एकसंध सैन्याचे सुमारे ८६६ आणि दुसरीनंतर सुमारे ७०७ सैनिक शिल्लक राहतात. शत्रूचा मात्र पूर्ण नाश होतो. लँचेस्टर यांनी हे सूत्र ट्रॅफल्गारच्या लढाईतील नेल्सन यांच्या योजनेला लावून पाहिले. ‘लँचेस्टरचे नियम’ या नावाने ही समीकरणे आज संक्रियात्मक संशोधनाच्या अभ्यासक्रमात शिकवली जातात.

डेमलर आणि इंजिनातील कंपने

१९०९ पासून लँचेस्टर हे डेमलर कंपनीचे तांत्रिक सल्लागार होते. लांब क्रँकशाफ्ट ठरावीक वेगाला पिळवटून थरथरतो आणि प्रसंगी तुटतो, ही त्या काळातील मोठी समस्या होती. लँचेस्टर यांनी त्यावर घट्ट द्रवाच्या घर्षणाने ही थरथर शोषून घेणारे साधन तयार केले. चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन वजनदार दांडे बसवून हादरे नाहीसे करण्याची युक्तीही त्यांचीच. ती १९७० च्या दशकात जपानमधील मित्सुबिशी कंपनीने पुन्हा वापरात आणली आणि नंतर इतर अनेक निर्मात्यांनी स्वीकारली. डिस्क ब्रेकप्रमाणे याही कल्पनेला व्यापक वापरासाठी अनेक दशके वाट पाहावी लागली.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये लँचेस्टर यांचा विवाह डोरोथिया कूपर यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते. १९२० च्या दशकाच्या मध्यास ते बर्मिंगहॅमच्या मोझली भागातील डायट एंड या घरी राहायला आले आणि तेथे त्यांनी लँचेस्टर्स लॅबोरेटरीज ही संस्था सुरू केली. तिने ध्वनिवर्धक आणि इतर ध्वनिसाधने तयार केली. मात्र ती आर्थिकदृष्ट्या यशस्वी झाली नाही. १९२९ मध्ये डेमलरशी असलेला करार संपला. १९३१ मध्ये लँचेस्टर मोटर कंपनीही डेमलरची मालक असलेल्या बीएसए समूहाकडे गेली.

१९३४ च्या सुमारास त्यांना कंपवाताने ग्रासले आणि प्रयोगशाळेचे काम थांबले. पुढे मोतीबिंदूमुळे त्यांची दृष्टीही गेली. सापेक्षता आणि भौतिक राशींच्या मिती या विषयांवरील त्यांची पुस्तके या आजारपणाच्या काळात प्रसिद्ध झाली. ते टोपणनावाने कविताही लिहीत. शेकडो पेटंटे नावावर असूनही अखेरच्या वर्षांत त्यांना पैशांची ददात होती. मोटार-निर्मात्यांच्या संघटनेने केलेल्या मदतीमुळे त्यांना आपल्या घरात राहता आले. त्याच घरी ८ मार्च १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

डिस्क ब्रेकचे पुनरागमन

डिस्क ब्रेक मोटारीकडे परतला तो विमानाच्या वाटेने. उतरणाऱ्या जड विमानाला अल्प अंतरात थांबवताना ड्रम ब्रेक अपुरे पडू लागल्याने डनलॉप कंपनीने विमानांसाठी डिस्क ब्रेक विकसित केले. जॅग्वार कंपनीने डनलॉपच्या सहकार्याने ते आपल्या सी-टाइप या शर्यतीच्या मोटारीवर बसवले. २९ जून १९५२ रोजी फ्रान्समधील रँस येथे स्टर्लिंग मॉस यांनी या मोटारीने शर्यत जिंकली.

पुढच्या वर्षी ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप पहिली आली. तिचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किमी होता. या शर्यतीत ताशी १०० मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. त्या वेळी ल मान्सच्या मार्गावर सुमारे ६ किमी लांबीचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला तीव्र वळण होते. ड्रम ब्रेक असलेल्या मोटारींना ब्रेक तापू नयेत म्हणून बऱ्याच आधीपासून वेग कमी करावा लागे. जॅग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाईपर्यंत पूर्ण वेग राखू शकत आणि २४ तास संपेपर्यंत त्यांचे ब्रेक तितकेच विश्वासार्ह राहिले. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने डीएस या मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटारीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि त्यानंतर ते सर्वसामान्य मोटारींतही रूढ झाले.

शर्यतीच्या मोटारीसाठी चकतीची निवड

लँचेस्टर यांना पडलेला धातूचा प्रश्न शर्यतीच्या मोटारीत आजही महत्त्वाचा आहे. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी २०० किमीवरून ८० किमीवर आणली, तर सुमारे १३ लाख जूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. तेवढ्याच वजनाची मोटार ताशी ३२ किमी या १९०३ च्या कमाल वेगावरून पूर्ण थांबवली, तर ही ऊर्जा सुमारे ४० हजार जूल असते. म्हणजे शर्यतीतील एका वळणाचा भार त्या काळातील एका पूर्ण थांब्याच्या सुमारे ३३ पट असतो आणि असे वळण प्रत्येक फेरीत अनेकदा येते.

चकतीचे वजन आणि आकार. ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे झुकतो. वरील ऊर्जेचा ७० टक्के भाग पुढील दोन चकत्यांवर पडला असे धरल्यास प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे साडेचार लाख जूल येतात. त्यामुळे बिडाच्या ८ किलोग्रॅमच्या चकतीचे तापमान एका थांब्यात सुमारे १२० अंश सेल्सिअसने, तर ५ किलोग्रॅमच्या चकतीचे जवळजवळ २०० अंशांनी वाढते. म्हणून केवळ वजन वाचवण्यासाठी हलकी चकती निवडणे शर्यतीत महागात पडते. ब्रेकमधील द्रव उकळला तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल जमिनीपर्यंत दाबूनही मोटार थांबत नाही. दुसरीकडे, चकतीचे वजन स्प्रिंगांवर पेलले जात नाही. ते जास्त झाल्यास खडबडीत मार्गावर चाकाची पकड कमी होते. मोठ्या व्यासाची चकती त्याच दाबात अधिक बल देते, परंतु तिचा व्यास चाकाच्या आतील जागेपुरता मर्यादित असतो.

पदार्थ. बहुतेक शर्यती मोटारींत करडे बीड वापरले जाते. त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली वाहते आणि आवाज व कंपने शोषली जातात. शिवाय ते स्वस्त असते. कार्बन-सिरॅमिक चकत्या खूप हलक्या असतात, पण महाग असतात आणि सतत अतितप्त राहिल्यास त्यांतील कार्बन हळूहळू जळतो. संपूर्ण कार्बनच्या चकत्या फॉर्म्युला वन शर्यतीत वापरल्या जातात. पुरेशा तापल्याशिवाय त्यांची पकड बसत नाही, त्यामुळे रस्त्यावरील मोटारीला त्या निरुपयोगी ठरतात.

घडण. दोन पृष्ठभागांमध्ये पोकळी आणि पाती असलेली चकती फिरताना मधून हवा खेचून घेते आणि लवकर निवते. वक्र पाती असलेल्या चकत्यांत डावी आणि उजवी असा भेद असतो; त्या उलटसुलट बसवल्यास हवेचा प्रवाह मंदावतो. आरपार भोके पाडलेल्या चकत्या आकर्षक दिसतात, परंतु वारंवार तापण्यानिवण्यामुळे भोकांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. म्हणून शर्यतीसाठी साध्या किंवा उथळ खाचा असलेल्या चकत्यांना पसंती मिळते. काही चकत्यांचा मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि घासला जाणारा कडेचा भाग बिडाचा असतो. दोहोंमधील जोडणी थोडी सैल ठेवल्यामुळे तापलेली कडा वाकडी न होता प्रसरण पावू शकते.

चकतीची निवड पॅडच्या निवडीपासून वेगळी करता येत नाही. योग्य चकतीवर अयोग्य घर्षण-पदार्थ बसवला तर काय होते, हे लँचेस्टर यांच्या तांब्याने १९०२ मध्येच दाखवून दिले होते.

सन्मान आणि स्मृती

लँचेस्टर १९१० मध्ये मोटार अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेचे अध्यक्ष होते. १९१९ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या रॉयल सोसायटीने १८९७ मध्ये त्यांचा निबंध नाकारला होता, तिनेच १९२२ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. रॉयल एअरोनॉटिकल सोसायटीचे सुवर्णपदक (१९२६), डॅनियल गुगेनहाइम पदक (१९३१) आणि यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे जेम्स वॉट आंतरराष्ट्रीय पदक (१९४५) हे त्यांना मिळालेले इतर प्रमुख सन्मान होत.

संक्रियात्मक संशोधनातील उत्तम लेखनासाठी अमेरिकेत त्यांच्या नावाने पारितोषिक दिले जाते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री विद्यापीठ पूर्वी लँचेस्टर पॉलिटेक्निक या नावाने ओळखले जात असे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आजही त्यांचे नाव आहे. बर्मिंगहॅममध्ये त्यांची पहिली मोटार जेथे घडली त्या परिसरात तिचे स्मारकशिल्प उभारण्यात आले आहे.